अनवाणी पायांची दंतकथा आणि भारतीय फुटबॉल संघाचा इतिहास

क्रिकेटच्या जुन्या धावसंख्या मुखोद्गत असणाऱ्या मराठी घरांची संख्या मोठी आहे. मर्चंट, हजारे, मांकड यांच्या खेळ्यांवर आजही वाद रंगतात. परंतु त्याच घरांतील जाणत्या मंडळींना भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाविषयी विचारले, तर बहुधा एकच गोष्ट ऐकावयास मिळते. ती अशी की, १९५० साली भारताला विश्वचषक स्पर्धेत खेळण्याची संधी आली होती. पण आपले खेळाडू अनवाणी खेळत असल्यामुळे त्यांना मनाई झाली आणि ती संधी गेली. गोष्ट लहान आहे, चटका लावणारी आहे आणि सांगावयास सोपी आहे. मात्र तिच्या आड एका संघाचा पंधरा वर्षांचा पराक्रम आणि त्यानंतरची साठ वर्षांची घसरण ही दोन्ही झाकली गेली आहेत. शासकीय सेवेत फायलींच्या सहवासात आयुष्य घालविल्यामुळे आम्हांस एक सवय जडली आहे. कोणी काय म्हणतो यापेक्षा नोंद काय सांगते, हे आम्ही आधी पाहतो. त्या सवयीने या संघाच्या इतिहासाचा मागोवा घ्यावा, असा या लेखाचा हेतू आहे.

आरंभीचा काळ

फुटबॉल हा खेळ आपल्याकडे ब्रिटिश पलटणींबरोबर आला. १८८८ साली सिमल्यास ड्यूरँड स्पर्धा सुरू झाली, तर १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. कलकत्त्यात नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी यांच्यासारख्यांनी देशी तरुणांत या खेळाची गोडी लावली आणि १८८९ साली मोहन बागान क्लब स्थापन झाला. याच क्लबाने २९ जुलै १९११ रोजी आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव केला. मोहन बागानचे खेळाडू, एक अपवाद वगळता, अनवाणी होते. समोरचे बूट घातलेले सोल्जर होते. वंगभंगाच्या चळवळीने तापलेल्या त्या वातावरणात हा विजय निव्वळ खेळातला राहिला नाही. अनवाणी पाय हे त्या दिवसापासून स्वाभिमानाचे प्रतीक बनले. पुढील दंतकथेचे मूळ येथे आहे, हे ध्यानात ठेवावे.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची स्थापना १९३७ साली झाली. दुसऱ्याच वर्षी, १९३८ मध्ये, भारतीय संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला आणि यजमान संघाशी पाच सामने खेळला. त्यांपैकी एक जिंकला, एक बरोबरीत सुटला आणि तीन गमावले. नंतर महायुद्ध आले. त्यामुळे राष्ट्रीय संघाची खरी कहाणी स्वातंत्र्यानंतरच सुरू होते.

लंडन, १९४८

स्वतंत्र भारताचा पहिला महत्त्वाचा फुटबॉल सामना ३१ जुलै १९४८ रोजी लंडनजवळील इलफर्ड येथे, ऑलिंपिक स्पर्धेत फ्रान्सविरुद्ध झाला. कर्णधार होते नागा टेकड्यांतून वैद्यकाच्या शिक्षणासाठी कलकत्त्यास आलेले डॉ. तालिमेरेन आओ. उद्घाटनाच्या संचलनात भारताचा ध्वज त्यांच्याच हाती होता. ज्या भूप्रदेशाचे नावही तेव्हा बहुतेक भारतीयांस ठाऊक नव्हते, तेथील तरुणाने देशाचा ध्वज मिरवावा, ही घटना विचार करण्यासारखी आहे.

त्या सामन्यात भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते. काहींनी पायांस पट्ट्या बांधल्या होत्या. फ्रान्सने मध्यंतरापूर्वी एक गोल केला. सत्तराव्या मिनिटास सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली. भारतास दोन पेनल्टी मिळाल्या आणि त्या दोन्ही वाया गेल्या. सामना संपण्यास मिनिट उरले असता फ्रान्सने दुसरा गोल करून २-१ असा विजय मिळविला. इंग्रजी वृत्तपत्रांनी या संघाचे कौतुक केले. आपल्याकडेही ते कौतुकच अधिक लक्षात राहिले. हुकलेल्या दोन पेनल्टी कोणी फारशा लक्षात ठेवल्या नाहीत. त्या काळी आपल्या देशातील सामने बहुधा सत्तर मिनिटांचे असत आणि आंतरराष्ट्रीय सामना नव्वद मिनिटांचा. शेवटच्या वीस मिनिटांची ही तूट पुढे वारंवार नडली आहे.

१९५० चा प्रश्न

आता त्या प्रसिद्ध गोष्टीकडे वळू. १९५० चा विश्वचषक ब्राझीलमध्ये व्हावयाचा होता. आशियाई गटातून ब्रह्मदेश, इंडोनेशिया व फिलिपाईन्स यांनी माघार घेतल्यामुळे भारत एकही सामना न खेळता पात्र ठरला. भारताचा समावेश इटली, स्वीडन व पॅराग्वे यांच्या गटात झाला. स्पर्धा २४ जून रोजी सुरू झाली, पण भारताचा संघ गेला नाही.

अनवाणीपणामुळे बंदी आली, हे कारण खरे मानावे काय? एक साधी नोंद या तर्कास छेद देते. दोनच वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू पुन्हा अनवाणीच मैदानात उतरले आणि त्यांना कोणी अडविले नाही. ऑलिंपिकमधील फुटबॉलही आंतरराष्ट्रीय महासंघाच्याच नियमांखाली खेळविला जात असे. १९५० साली जी गोष्ट निषिद्ध होती, ती १९५२ साली चालली कशी? महासंघाने त्या वेळी दिलेली कारणे अगदी वेगळी होती: संघनिवडीवरील मतभेद आणि सरावास अपुरा अवधी. खर्चाचे कारणही पुढे केले जाते. परंतु प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलण्याची तयारी ब्राझीलने दर्शविली होती.

त्या काळच्या दृष्टीने पाहिले, तर निर्णयामागील मनोवृत्ती उलगडते. आपल्या पदाधिकाऱ्यांच्या लेखी ऑलिंपिक हीच सर्वश्रेष्ठ स्पर्धा होती. विश्वचषक तोवर केवळ तीन वेळा झाला होता आणि त्याची थोरवी आजच्यासारखी नव्हती. स्कॉटलंड व तुर्कस्तान यांनीही त्या वर्षी पात्र ठरून माघार घेतली आणि शेवटी तेराच संघ खेळले. तेव्हाचे बचावपटू शैलेन मन्ना यांनीही उत्तरायुष्यात सांगितले की, खेळाडूंना त्या काळी विश्वचषकाचे महत्त्व फारसे ठाऊकच नव्हते. तात्पर्य, परकीयांनी दार बंद केले नाही. आपण ते ओलांडलेच नाही. अनवाणीपणाच्या गोष्टीने मात्र एक सोय झाली. चुकलेल्या निर्णयाचे रूपांतर अन्यायात झाले आणि निर्णय घेणाऱ्यांना कोणी जाब विचारला नाही. प्रशासनात अशी रूपांतरे कशी होतात, हे आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणूनच या गोष्टीची शहानिशा आवश्यक वाटते.

दिल्लीचे सुवर्ण आणि हेलसिंकीची नामुष्की

१९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीस पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. भारताने इंडोनेशिया व अफगाणिस्तान यांचा प्रत्येकी ३-० असा पराभव केला आणि १० मार्च रोजी अंतिम सामन्यात इराणवर १-० असा विजय मिळविला. एकमेव गोल साहू मेवालाल यांचा होता, तर कर्णधार शैलेन मन्ना होते. आशियातील पहिले फुटबॉल सुवर्णपदक भारताचे ठरले.

पुढच्याच वर्षी, १५ जुलै १९५२ रोजी, हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडविला. अहमद खान यांनी अखेरीस केलेला गोल एवढाच दिलासा. थंडी, ओले मैदान आणि उघडे पाय यांचा मेळ बसला नाही, असे म्हटले गेले आणि महासंघाने त्यानंतर बुटांची सक्ती केली. हा निर्णय योग्यच होता. परंतु दहा गोल केवळ बुटांअभावी झाले नाहीत. युगोस्लाव्हियाचा संघ डावपेच, शारीरिक तयारी आणि परस्परांतील समन्वय या तिन्ही बाबतींत पुढे होता. हे ज्या एका माणसाने नेमके ओळखले, तो आमच्या हैदराबादचा होता.

रहीमसाहेब

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ साली हैदराबादेत झाला. पेशाने ते शिक्षक. उस्मानिया विद्यापीठात शिकलेल्या या गृहस्थाने काचीगुडा, चादरघाट अशा भागांतील शाळांतून अध्यापन केले. ज्या काचीगुडा-सुलतान बाजार परिसरात हैदराबादी मराठी समाजाच्या काही पिढ्या नांदल्या, त्याच रस्त्यांवरून हा मास्तर शाळेत जात असे. आमच्या वाचकांपैकी कित्येकांना याची कल्पना नसेल. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे कार्यवाह होते आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले. त्याच सुमारास राष्ट्रीय संघाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर कलकत्त्याच्या बलाढ्य क्लबांना हैदराबादच्या शिपाई-जमादारांनी एकामागून एक वर्षे नमविले, हा पराक्रम त्या काळच्या मुंबईकर मराठी रसिकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. पुढे हैदराबाद राज्याच्या संघाने संतोष चषकही लागोपाठ दोन वेळा पटकाविला. तो १९५६-५७ व १९५७-५८ चा काळ होता.

रहीमसाहेबांची रीत मास्तराची होती. चेंडू पायाशी घोळवीत बसण्याची हौस मोडावी म्हणून त्यांनी चेंडूस एकदाच स्पर्श करण्याची मुभा असलेल्या स्पर्धा भरविल्या. उजव्या पायाच्या खेळाडूने डाव्या पायानेच खेळावे, अशा स्पर्धाही घेतल्या. युरोपात काय चालले आहे, याचा ते बारकाईने अभ्यास करीत. हंगेरीच्या संघाने आघाडीच्या मधल्या खेळाडूस मागे खेचून प्रतिस्पर्ध्यांचा बचाव कसा विस्कळीत केला, हे हेरून तो डाव त्यांनी आपल्या संघास शिकविला. शिस्त कडक, बोलणे मोजके आणि भाषा दख्खनी वळणाची उर्दू. खेळाडू त्यांना वचकून असत आणि त्यांच्यावर जीवही टाकीत.

या नगराने देशाला दिलेल्या खेळाडूंची यादीही मोठी आहे. गोलरक्षक पीटर थंगराज, बचावातील अझीझुद्दीन व लतीफ, मधल्या फळीतील नूर महंमद, आघाडीचे झुल्फिकारुद्दीन, सिकंदराबादच्या अम्मुगुडा वस्तीतून आलेले तुलसीदास बलराम, आणि सिटी पोलीसचे युसूफ खान. उर्दू, तमिळ, तेलुगू असे नाना भाषांचे हे खेळाडू एका मास्तराच्या हाताखाली घडले.

मेलबर्न, १९५६

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताची गाठ प्रथम हंगेरीशी पडावयाची होती. परंतु हंगेरीतील उठाव आणि त्यावरील सोव्हिएत कारवाई यांमुळे तो संघ आलाच नाही व भारतास पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी उपांत्यपूर्व सामन्यात भारताने यजमान ऑस्ट्रेलियास ४-२ असे हरविले. त्यांतील तीन गोल नेव्हिल डिसूझा यांचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा हा पहिला आशियाई खेळाडू. मूळ गोव्यातील आसगावचे हे डिसूझा मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळत. त्या काळी गोवा अजून पोर्तुगीज अमलाखाली होता आणि त्या भूमीचा सुपुत्र भारताच्या नावावर गोल करीत होता, ही बाब आमच्या गोमंतकीय वाचकांस निश्चित सुखावेल.

उपांत्य सामना पुन्हा युगोस्लाव्हियाशीच पडला. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेल्या संघाने मध्यंतरापर्यंत प्रतिस्पर्ध्यास एकही गोल करू दिला नाही. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात डिसूझा यांनी गोल केला आणि भारत आघाडीवर गेला. ही आघाडी काही मिनिटेच टिकली. युगोस्लाव्हियाने चार गोल करून सामना ४-१ असा जिंकला. त्यांतील शेवटचा तर भारतीय बचावपटूच्याच पायास लागून आत गेला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० अशी मात केली. भारत चौथा आला. डिसूझा यांचे चार गोल हे त्या स्पर्धेतील सर्वोच्च संख्येच्या बरोबरीचे होते. कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी होते.

येथे एक खुलासा करणे न्यायाचे ठरेल. त्या स्पर्धेत अकराच संघ खेळले. पश्चिम युरोप व दक्षिण अमेरिकेतील उत्तम खेळाडू व्यावसायिक असल्याने ऑलिंपिकला अपात्र होते. तेव्हा ‘जगात चौथा’ हे बिरुद शब्दशः घेता येत नाही. तरीही दहा गोलांच्या पराभवापासून उपांत्य सामन्यातील आघाडीपर्यंतचे अंतर या संघाने चार वर्षांत कापले, हे निर्विवाद आहे. आशियातील अन्य कोणताही देश तोवर ऑलिंपिक फुटबॉलच्या अंतिम चौघांत पोहोचलेला नव्हता.

रोम आणि जकार्ता

१९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत भारत पुन्हा चौथा आला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये गट अत्यंत कठीण होता. हंगेरीशी २-१ असा निसटता पराभव झाला. फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली. तो गोल कर्णधार प्रदीपकुमार बॅनर्जी यांचा. पेरूने ३-१ असे हरविले. गुणतक्त्यात तळाशी राहूनही हा संघ कोणापुढे वाकला नाही. ऑलिंपिकच्या मैदानावर भारताचा फुटबॉल संघ त्यानंतर आजवर दिसलेला नाही.

रोममधून परतलेल्या त्याच गाभ्यातून १९६२ चा जकार्ताचा संघ उभा राहिला. प्रदीपकुमार बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि तुलसीदास बलराम ही आघाडीची त्रयी. चुनी कर्णधार. हेच गोस्वामी पुढे १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचे नेतृत्व करताना मराठी रसिकांना दिसले. बचावास पंजाबचे जर्नेलसिंग व बंगालचे अरुण घोष, मधल्या फळीत गोव्यातील कोलवाळचे फॉर्च्युनाटो फ्रँको. गोवा मुक्त होऊन तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते.

वातावरण मोठे प्रतिकूल होते. यजमान इंडोनेशियाने इस्रायल व तैवान यांना प्रवेश नाकारला होता. त्यावर भारताचे ज्येष्ठ क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी उघड आक्षेप घेतला आणि जकार्तातील जनमत भारतीय पथकाविरुद्ध खवळले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारतास २-० असे हरविले. पुढे थायलंडवर ४-१ व जपानवर २-० असे विजय मिळवून संघ उपांत्य फेरीत पोहोचला. पण जर्नेलसिंग यांच्या डोक्यास जबर जखम होऊन टाके पडले होते. बचावात उंच चेंडू डोक्याने परतविणे त्यांना शक्य नव्हते. अशा वेळी दुसऱ्या कोणी त्यांना विश्रांती दिली असती. रहीमसाहेबांनी त्यांना आघाडीस खेळविले. जर्नेलसिंग यांनी दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात गोल केला. तो सामना ३-२ असा जिंकला गेला आणि निर्णायक गोल कर्णधाराचा होता.

४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया समोर आला. सुमारे एक लाख प्रेक्षकांचे मैदान भारताविरुद्ध ओरडत होते. सतराव्या मिनिटास प्रदीपकुमार यांनी गोल केला आणि विसाव्या मिनिटास जर्नेलसिंग यांनी. कोरियाने शेवटी एक गोल फेडला. पण भारत २-१ असा विजयी झाला. या संघाच्या इतिहासातील हे दुसरे आणि आजवरचे शेवटचे आशियाई सुवर्णपदक.

प्रशिक्षकांस त्या वेळी कर्करोगाने ग्रासले होते. सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी खेळाडूंकडे सुवर्णपदकाची भेट मागितली, अशी आठवण त्या संघातील खेळाडू सांगत आले आहेत. ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेबांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न.

उताराची कारणे

पुढील नोंदी झपाट्याने वाचता येतात. १९६४ च्या आशिया चषकात भारत इस्रायलमागोमाग उपविजेता ठरला. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत जपानला १-० असे हरवून कांस्यपदक मिळाले. कर्णधार होते हैदराबादचे सय्यद नईमुद्दीन. १९७४ मध्ये आशियाई युवक स्पर्धेचे विजेतेपद इराणबरोबर वाटून मिळाले. त्या संघाचे नेतृत्व हैदराबादच्याच शब्बीर अली यांच्याकडे होते. बस, येथे मोठ्या विजयांची मालिका संपते. आशियाई क्रीडास्पर्धेत १९७० नंतर फुटबॉलचे एकही पदक भारतास मिळालेले नाही.

असे का झाले? एका माणसाच्या मृत्यूने सारे संपले, असे म्हणणे भावनेस पटले तरी ते अपुरे आहे. खरा प्रश्न असा की, त्या माणसाने जे केले ते टिकविण्याची व्यवस्था का उभी राहिली नाही? याच काळात जपानने काय केले ते पाहावे. १९६० साली त्यांनी डेटमार क्रामर या जर्मन प्रशिक्षकास पाचारण केले, १९६५ साली कंपन्यांच्या संघांची राष्ट्रीय साखळी सुरू केली आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. कोरियाने १९८३ साली आणि जपानने १९९३ साली व्यावसायिक साखळी सुरू केली. आपली राष्ट्रीय साखळी १९९६ साली सुरू झाली. १९६२ साली ज्यांना आपण एकाच स्पर्धेत हरविले, ते दोन देश आज विश्वचषकाचे नियमित मानकरी आहेत आणि आपण विश्वचषकाच्या पात्रता फेरीत पहिला सामना खेळलो तोच मुळी १९८५ साली.

दुसरे कारण असे की, आपल्याकडे फुटबॉलची निष्ठा क्लबाशी व प्रांताशी राहिली. कलकत्त्याच्या मैदानावरील मोहन बागान-ईस्ट बंगाल लढतीस जेवढी गर्दी लोटे, तेवढी आस्था राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिराविषयी नव्हती. हैदराबादचे गुणी खेळाडू पोटापाण्यासाठी कलकत्त्यास गेले. येथील शाळांच्या स्पर्धा रोडावल्या आणि मैदाने आक्रसली. ज्या गल्ल्यांतून ऑलिंपिकपटू निघाले, तेथे आज मुलांना चेंडू टाकावयास जागा नाही. तिसरे कारण म्हणजे नव्वद मिनिटांच्या खेळास लागणारी शारीरिक तयारी, आहार आणि वैद्यकीय देखभाल. ही शास्त्रे अन्यत्र झपाट्याने पुढे गेली आणि आपण पायाच्या कसबावर विसंबून राहिलो.

गोमंतकाचा वाटा आणि अलीकडचा काळ

उतरणीच्या त्या वर्षांत ज्यांनी संघाची लाज राखली, त्यांत गोव्याचे स्थान मोठे आहे. ताळगावचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांनी ऐंशीच्या दशकात राष्ट्रीय संघाचे कर्णधारपद भूषविले. १९८४ च्या आशिया चषकासाठी सिरिक मिलोव्हान यांच्या मार्गदर्शनाखाली भारत पात्र ठरला, तो याच काळात. १९८३-८४ मध्ये गोव्याने एकही गोल न स्वीकारता संतोष चषक जिंकला. शंखवाळकर यांना १९९७ चा अर्जुन पुरस्कार लाभला. पुढे ब्रुनो कुतिन्हो यांनीही देशाचे नेतृत्व केले. मराठी मुलखापुरते बोलावयाचे, तर कोल्हापूरच्या तालमींनी हा खेळ पिढ्यान् पिढ्या जिवंत ठेवला आहे. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, ही त्या परंपरेस मिळालेली पावती होय.

नव्या शतकात बायचुंग भुतिया व सुनील छेत्री यांनी संघाची पताका उंच ठेवली. २००७ व २००९ चे नेहरू चषक, २००८ चा आशियाई चॅलेंज चषक, आणि दक्षिण आशियाई अजिंक्यपद २०२३ पर्यंत एकूण नऊ वेळा, ही जमेची बाजू. २०१९ च्या आशिया चषकात थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला, तेव्हा आशा पालवल्या. परंतु २०२२ च्या ऑगस्टमध्ये कारभारातील बाह्य हस्तक्षेपाच्या कारणावरून आंतरराष्ट्रीय महासंघाने भारतास काही दिवस निलंबित केले. २०२४ च्या आरंभी कतारमधील आशिया चषकात भारताने तिन्ही सामने गमावले आणि एकही गोल केला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने २-१ असे हरविले आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दारही बंद झाले. हैदराबादच्या नावाचा व्यावसायिक संघ २०२२ साली याच फातोर्ड्यावर देशाचा विजेता ठरला होता. २०२५ मध्ये तो संघच दिल्लीस हलविण्यात आला. रहीमसाहेबांच्या नगरास आज देशाच्या अव्वल साखळीत स्वतःचा संघ उरला नाही, हे लिहिताना क्लेश होतात.

ताळेबंद

इतिहासाच्या या वहीत जमा आणि खर्च दोन्ही बाजू पाहिल्या, तर काही गोष्टी स्पष्ट होतात. १९५१ ते १९६२ या काळातील यश हा योगायोग नव्हता. एका शहरातील खेळाडूंचा भरीव गाभा, एकाच प्रशिक्षकाकडे बराच काळ सोपविलेला अधिकार, आणि पराभवातून शिकण्याची तयारी, या तीन गोष्टी तेव्हा एकत्र आल्या होत्या. हेलसिंकीच्या दहा गोलांनंतर त्याच प्रशिक्षकावर विश्वास ठेवला गेला, म्हणून मेलबर्न घडले. त्यानंतर जे प्रशिक्षक आले ते बहुधा एखाद्या स्पर्धेपुरते आले आणि पराभवाबरोबर गेले.

२०२४ साली ‘मैदान’ या हिंदी चित्रपटाने रहीमसाहेबांचे नाव नव्या पिढीस सांगितले, ही समाधानाची गोष्ट आहे. त्यांचे सुपुत्र सय्यद शाहिद हकीम हे रोमच्या ऑलिंपिक पथकात होते आणि पुढे आंतरराष्ट्रीय पंच झाले. २०२१ साली तेही निवर्तले. २०२० साली महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने प्रदीपकुमार बॅनर्जी व चुनी गोस्वामी गेले. फॉर्च्युनाटो फ्रँको २०२१ मध्ये, तर तुलसीदास बलराम २०२३ च्या फेब्रुवारीत गेले. जकार्ताचा सामना ज्यांनी खेळला, त्यांच्या तोंडून तो ऐकण्याचे दिवस आता सरत आले आहेत. म्हणून नोंदींचे मोल वाढले आहे.

आमच्या हैदराबादी, गोमंतकीय आणि सीमाभागातील वाचकांना आमची एक विनंती आहे. आपापल्या गावांतील जुन्या क्लबांच्या नोंदवह्या, छायाचित्रे, स्पर्धांच्या पत्रिका कोणाच्या माळ्यावर पडल्या असतील, तर त्या जपाव्यात आणि त्यांवर लिहावे. राष्ट्रीय संघ आकाशातून पडत नाही. तो काचीगुड्याच्या शाळेतून, आसगाव-कोलवाळच्या वाड्यांतून आणि कोल्हापूरच्या तालमींतून तयार होतो. नातवंडांनी उद्या भारतीय फुटबॉलविषयी विचारले, तर त्यांना अनवाणी पायांची दंतकथा सांगू नये. काचीगुड्याच्या एका मास्तराने दहा गोलांच्या पराभवानंतर काय केले आणि डोक्यास टाके पडलेल्या बचावपटूने अंतिम सामन्यात गोल कसा केला, ते सांगावे. ते खरे आहे आणि त्यापासून काही शिकताही येते.